घरचं उळं

आमच्या घरचं कांद्याचं बी विकलं जात नाही. द्यायचं ते नात्यातल्या, भावकीतल्या, फार तर जिवाभावाच्या माणसाला, आणि तेही घरातल्या बाईनं आपल्या हातानं मापून, घेणारणीच्या ओटीत. आमच्या चांदवडकडं कांद्याच्या बियाला उळं म्हणतात. माझी बायको विमल या उळ्याची मालकीण. शेत माझ्या नावावर, पण उळ्याच्या डब्यावर हुकूम तिचा. लोक म्हणायचे, विमलाबाईचा हात लागला की खडकावर पण रोप येईल. त्या हाताला मी बट्टा लावला. कसा, ते सांगतो. माझी बाजू मांडायला नाही सांगत, माझ्याकडं बाजूच नाही.

मागच्या वर्षी गणपतीच्या दिवसांत नाशिकच्या एका संस्थेनं शेजारच्या देशांतले शेतकरी आपल्याकडं आणले होते. गंगापूर रोडला त्यांचं ऑफिस आहे. नेपाळ, भूतान, श्रीलंका, बांगलादेश असे मिळून बारा जण. संस्थेचा दीपक नावाचा अधिकारी आधी येऊन आमच्या ओट्यावर तासभर बोलून गेला होता. शेजाऱ्यांनी एकमेकांकडून शिकायचं, माती-पाणी राखून पिकवायचं, एकाचं अडलं तर दुसऱ्यानं हात द्यायचा, असं बरंच काही. पाहुण्यानं तीन दिवस आपल्या घरी राहायचं, आपण त्याला आपली शेती दाखवायची, आणि जाताना आपल्या घरचं एक बियाणं द्यायचं. सरहद्दीचे कागद संस्था करणार. मी मान डोलावत होतो. फुकटात मोठेपणा मिळत असेल तर नको कोण म्हणतो?

आमच्या वाट्याला मोमेना आली. पंचेचाळिशीची, काटक, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. पद्मा नदीच्या काठचं तिचं गाव. तिथं बावीस बायांचा गट करून त्यांनी दीड बिघा, म्हणजे आपली अर्धा एकर, जमीन खंडानं घेतली होती. पुरानंतर बसलेला गाळ, माती लोण्यासारखी मऊ, असं ती हात चोळून सांगायची. हिंदी तिला टीव्हीवर ऐकून आलेली, माझी बाजारात ऐकून आलेली. आमचं भागत होतं. विमलला ना हिंदी येत होती, ना बंगाली, तरी सगळ्यात जास्त गप्पा त्या दोघींनीच मारल्या. कशा, ते देवाला ठाऊक.

तिला आमची कांदाचाळ बघायची होती. त्यांच्याकडं कांदा दोन महिन्यांत सडतो. चाळीखालून वारं कसं खेळतं, कांद्याचा थर किती उंच ठेवायचा, हे तिनं वहीत उतरवून घेतलं आणि मापं मात्र स्वतःच्या हातानं घेतली, कोपरापासून बोटापर्यंत. "आमच्याकडच्या सुताराला माझा हात माहीत आहे," ती म्हणाली. येताना तिनं जुन्या साड्यांची शिवलेली पांघरायची वाकळ भेट आणली होती. विमलनं ती उलगडली, टाके बघितले आणि म्हणाली, "अगं, ही तर आपलीच गोधडी हाय!" दोघी हसत सुटल्या.

माझं डोकं मात्र वेगळीकडं चाललं होतं. त्याच्या आदल्या डिसेंबरात कांद्याची निर्यात एका फटक्यात बंद झाली होती. आमच्या गावचा शेखर कांद्याचा व्यापारी, त्याचा माल बांगलादेशच्या सरहद्दीवर जायचा. त्याच्या सहा गाड्या वाटेतून परत आल्या आणि आमचा कांदा मातीमोल झाला. निर्यात पुढं उघडली, पण धसका गेला नव्हता. मोमेना आली त्याच दिवशी संध्याकाळी शेखर गणपतीच्या मंडपात मला गाठून म्हणाला, "नाना, पाहुणीला जेवू घाला, साडी द्या, पण उळं देऊ नका. आज उळं द्याल, उद्या ते तिकडंच पिकवतील. मग आपला कांदा घेणार कोण? आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेता राव."

दोन किलो उळं. अर्ध्या एकराचं रोप होतं त्याचं. अर्ध्या एकरानं आमचा बाजार बुडणार होता म्हणे! आज हसू येतं, पण त्या दिवशी शेखरचं बोलणं माझ्या डोक्यात घट्ट बसलं. शिवाय आणखी एक होतं, तेही सांगून टाकतो. उळं न्यायला आलेल्या माणसासमोर मला नाही म्हणायचं नव्हतं. दीपक फोटो काढणार होता. मला दानशूर व्हायचं होतं आणि द्यायचं काहीच नव्हतं. दोन्ही साधायचा मार्ग आमच्याच फडताळात होता.

आतल्या खोलीतल्या फडताळात उळ्याचे दोन पत्र्याचे डबे असतात. पुढचा डबा यंदाच्या उळ्याचा. मागच्यात तीन वर्षांपूर्वीचं उरलेलं, फेकायचं राहून गेलेलं. कांद्याच्या बियाचा जीव एक वर्षाचा. दुसऱ्या वर्षी निम्मं मरतं, तिसऱ्या वर्षी ते नुसती काळी माती. हे आमच्याकडं शाळेत न गेलेलं पोरही सांगेल. विमलला वाचता येत नाही, ती डबा जागेवरून ओळखते. मोमेना जायच्या सकाळी विमल गोठ्यात होती तेव्हा मी डब्यांची जागा बदलली. इतकंच केलं. मिनिटभराचं काम.

विमलनं मोमेनाला पाटावर बसवलं. कुंकवाचा करंडा घेऊन जरा घुटमळली, मग तिनं माझ्याकडं बघितलं. मोमेनाच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, "दीदी, टिळा नको. पण बी पदरात घेते." विमलनं करंडा बाजूला ठेवला, खण आणि नारळ दिला आणि पुढच्या डब्यातलं उळं मापानं तिच्या पदरात घातलं. घालता घालता थबकली. चिमूट तळहातावर घेऊन म्हणाली, "अहो, यंदा उळ्याला तेज कमी दिसतंय का?"

"खोलीत उजेड कुठं आहे," मी म्हणालो.

दीपकनं फोटो काढला. फोटोत मी हसतो आहे. पाहुणी गेल्यावर मी डबे परत जागच्या जागी ठेवले आणि रात्री गणपतीच्या आरतीला टाळ्या वाजवल्या. मन खात नव्हतं असं नाही. पण मी त्याची समजूत काढली, की असं कितीसं बिघडणार आहे? नाही उगवलं तर दुसरं आणतील.

नोव्हेंबरच्या शेवटी मोमेनाचा आवाज फोनवर आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. मी ओट्यावर बसून ऐकत होतो आणि विमल शेजारी शेंगा फोडत होती. मोमेना म्हणत होती, "भाईजी, दीदीचं बी आम्ही शुक्रवार बघून पेरलं. बावीस जणींनी पाणी घातलं. वीस दिवस झाले, एकही कोंब नाही. आमच्या मातीतच काहीतरी दोष असणार. दीदीला सांगा, तिनं पदरात दिलेलं आम्हाला सांभाळता आलं नाही. माफी मागते."

ती माझी माफी मागत होती.

विमलनं विचारलं, "काय म्हणतीय मोमेना?" मी तिला सांगितलं की उळं उगवलं नाही, मातीत दोष असेल म्हणते. एवढ्यावर थांबलो असतो तर निभलं असतं असं मला वाटलं होतं. विमलनं शेंगांची पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "माती कशी वाईट असंल? नदीचा गाळ हाय तो. माझ्याच हाताला काय तरी झालं असंल. मला त्या दिवशी दिसलं होतं तेज कमी. मी तशीच दिली."

"तसं काही नसतं," मी म्हणालो.

"तुमाला काय ठावं," ती म्हणाली आणि उठून गेली.

पुढच्या आठवड्यात आमच्या शेजारची लंकाबाई आली. धुक्यानं तिचं रोप जळालं होतं, उशीर झाला तरी पुन्हा उळं टाकायचं होतं. आजवर तिनं आमच्याकडूनच नेलेलं. विमल ओट्यावरून उठली नाही. मला म्हणाली, "तुमी द्या मापून." लंकाबाई हबकली. "अगं, रीत काय, तू करतीस काय? बाईमाणूस घरात असताना नाना कशाला मापतील?" तेव्हा विमल म्हणाली, "माझा हात उतरला, लंका. तिकडं बावीस बायांचं नुकसान झालं माझ्या हातानं. तुझं कशाला करू?"

मी उळं मापून दिलं. पुढच्या डब्यातलं, चांगलं. लंकाबाईनं ते घेतलं खरं, पण तोंडावर नाराजी होती.

खरं तर तिथंच सांगायला हवं होतं. दोन बाया, हजार कोसांचं अंतर, आणि दोघी स्वतःलाच दोष देत बसल्या होत्या. दोष ज्याचा तो मधोमध बसून चहा पीत होता. पण माणूस आपल्या अब्रूला किती जपतो बघा. विमलच्या नजरेतून उतरायचं मला भय वाटत होतं. तिचा हात उतरला तर चालत होता, माझी मान खाली जायला नको होती.

दुसरा निरोप नऊ डिसेंबरला आला. तारीख मला पाठ आहे. मोमेनाचा आवाज या वेळी घाईचा होता. जमिनीचा मालक म्हणतो, या मातीत कांदा येत नाही, बायांकडून खंड काय मिळणार? वीटभट्टीवाला वरची माती उचलायला तयार आहे, रोख पैसे देतो. पौष लागला की मालक त्याला होकार देणार. "भाईजी, कांद्याची जमीन कशी असते ते तुम्ही जाणता. तुम्ही एकदा मालकाशी बोला. नाशिकचा कांदेवाला म्हटलं की तो ऐकेल. माती एकदा भट्टीत गेली की आमच्या जन्मात परत यायची नाही." सोबत फोटो होता. एका बाईच्या ओंजळीत ओली, काळपट, भुसभुशीत माती. अशी माती बघून माझ्यासारख्याचा जीव सुखावतो.

म्हणजे सगळं माझ्या एका वाक्यावर येऊन थांबलं होतं. माती चांगली आहे, बी मेलेलं होतं. एवढंच बोलायचं होतं.

मी शेखरकडं गेलो. तो म्हणाला, "हवामान म्हणा. सगळ्याला हवामान चालतं." मी घरी येऊन तसा निरोप बोललो, ऐकला आणि पुसून टाकला. तेवढी तरी लाज शिल्लक होती. मग मी दिवस मोजले. पौष लागायला तीन आठवडे होते. आधी लागण उरकू, मजूर मिळत नाहीत, मग निवांत फोन लावू, असं ठरवलं. फोन कसा निवांत लावणार होतो कोण जाणे. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज संध्याकाळी थकल्याचं सोंग घ्यायचो.

मार्गशीर्षाचे गुरुवार चालू होते. विमल दर वर्षी करते, घट मांडते, दिवसभर उपास धरते. शेवटच्या गुरुवारी मी दुपारी रानातून आलो तर ती पूजेपुढं बसून काहीतरी पुटपुटत होती. मी सहज विचारलं, "यंदा काय मागितलं देवीकडं?"

"मोमेनाच्या मातीला गुण येऊ दे म्हणलं," ती म्हणाली. "चारी गुरुवार तिच्याच नावानं केले. मला नाय तर नाय, तिला तरी येऊ दे."

मी तिथंच भिंतीला टेकून बसलो. मग फोन काढला आणि मोमेनाला लावला. विमल शेजारी होती. तिला उठून जा म्हणायचा धीर झाला नाही, आणि म्हणायचंही नव्हतं. जे बोलायचं ते दोघींसमोर एकदाच बोलावं, दोनदा बोलायची ताकद माझ्यात नव्हती.

मोमेनानं आनंदानं फोन उचलला. "भाईजी! दीदी कशी आहे?" मी मध्येच बोलायला लागलो, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. तुमच्या मातीत दोष नाही. बी जुनं होतं, तीन वर्षांचं, मेलेलं. मला माहीत होतं. डबे मीच बदलले. तुम्ही तिकडं कांदा पिकवायला लागलात तर आमचा कोण घेणार, अशी भीती वाटली. मालकाला फोन द्या, मी त्याला सांगतो. नवं उळं पाठवतो, दोन नाही, दहा किलो पाठवतो.

मला वाटलं फोन कटला.

"भाईजी," ती म्हणाली, "माती गेली. दहा दिवस झाले. कमरेइतकी खोल काढली. पौष लागला आणि दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर आले."

"पौष? पौषाला अजून पाच दिवस आहेत," मी म्हणालो.

"आमचा पौष सोळा तारखेला लागला."

महिन्याचं नाव तेच, पण त्यांचं पंचांग वेगळं. त्यांचा पौष आमच्याआधी दोन आठवडे येतो, हे इतकी वर्षं शेजारी राहून मला ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. पुढं कित्येक दिवस मी स्वतःला हेच सांगत राहिलो, की पंचांगानं घोटाळा केला, नाहीतर मी वेळेवर सांगितलं असतं. खोटं आहे ते. नऊ तारखेलाच फोन लावला असता तर कुठलंही पंचांग आड आलं नसतं.

"मी उळं पाठवतो," मी पुन्हा म्हणालो. दुसरं काही सुचत नव्हतं.

"कुठं पेरू?" मोमेनानं विचारलं. रागानं नाही, खरंच विचारत होती. मग म्हणाली, "दीदीला माहीत होतं का?"

"नाही."

"मग दीदीला फोन द्या."

मी विमलकडं बघितलं. तिला हिंदी येत नाही म्हणतो मी, पण जुनं, मेलेलं, डबे हे शब्द कळायला हिंदी लागत नाही. तिनं माझ्या हातातून फोन घेतला. तिचा चेहरा मला वाचता आला नाही. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच. ती फोनमध्ये मराठीतच बोलली, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. "मोमेना, तुझी माती चांगली होती गं बाई. माझा हात पण चांगला होता." पलीकडून मोमेना रडत काहीतरी बोलत होती, बंगालीत. विमलला त्यातलं एक अक्षर कळलं नसेल. ती हूं, हूं करत राहिली. दोघी बराच वेळ तशाच बोलत होत्या आणि मी बाजूला बसून होतो.

तिनं फोन ठेवला. भांडली असती तर बरं वाटलं असतं. पूजा उतरवली, उपास सोडला, मला ताट वाढलं, भाजी पुन्हा हवी का तेही विचारलं. मोमेनाचा फोन त्यानंतर मला आला नाही. विमलला येतो, सणावाराला. तेवढं लंकाबाईच्या सुनेकडून कळतं, कारण विमल आता तिच्या घरी जाऊन तिच्याच फोनवर बोलते. मोमेना दुसऱ्याच्या शेतात मजुरी करते म्हणे. त्यांच्या जमिनीच्या खड्ड्यात पाणी साठलंय आणि बावीस जणींचा गट मोडला.

आणि आमचा बाजार? शेखर सांगतो, यंदा तिकडं कांदा बक्कळ झाला, आपला फारसा घेतलाच नाही. आपलं दार कधी उघडं, कधी बंद, म्हणून त्यांनी दुसरीकडून बी आणलं आणि घरचं पीक वाढवलं. मी दोन किलो उळं मारून काय राखलं, याचा हिशेब शेखरलाही जमत नाही. तो विषय बदलतो. मला बदलता येत नाही.

यंदाच्या गणपतीत लंकाबाई पुन्हा उळं न्यायला आली. मी ओट्यावर होतो. विमल बाहेर आली, लंकाबाईला आतल्या खोलीत नेऊन पाटावर बसवलं, करंडा आणला, माप आणलं. तिचा हात तिला परत मिळाला होता, मला बघून बरं वाटलं. डबा फडताळात वरच्या फळीवर असतो आणि तिचे गुडघे दुखतात, चढवत नाही. म्हणून मी उठून आत गेलो आणि डबा काढायला हात वर केला.

"तुमी डब्याला हात लावू नका," विमल म्हणाली.

आवाज चढवला नव्हता. दूध उतू चाललंय, गॅस बंद करा, असं म्हणावं तितक्या साधेपणानं म्हणाली. तिनं स्वतःच स्टूल ओढलं, भिंतीला धरून वर चढली आणि डबा छातीशी धरून हळूहळू खाली उतरली. लंकाबाई एकदा तिच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघत होती. मी दारातून बाजूला झालो, त्यांना उजेड यावा म्हणून.